सोया-मधाचं ग्लेझ लावलेले चिकन स्क्युअर्स बाहेरून करपतात आणि आतून कच्चे राहतात, काय करू?

ग्लेझ सुरुवातीलाच लावताय ना, तिथेच गडबड होते, मधातली साखर चिकन शिजायच्या आधीच जळते. आधी चिकनला फक्त थोडा सोया सॉस, आलं-लसूण आणि तेल लावून अर्धा तास ठेवा, मध्यम आचेवर फिरवत फिरवत जवळपास शिजवून घ्या आणि मग शेवटच्या ३-४ मिनिटांत ब्रशने ग्लेझ लावा, दोन-तीन पातळ हात, एकदम जाड थर नको. ग्लेझ म्हणजे सोया सॉस, मध, राइस व्हिनेगर, किसलेलं आलं, जरा चिली फ्लेक्स, घट्ट होईपर्यंत उकळायचं, तिळाचं तेल गॅस बंद केल्यावर. आणि प्लीज, कच्चं चिकन ज्यात मुरवलं ते उरलेलं पाणी वरून लावू नका!

ब्रेस्टपेक्षा बोनलेस थाय (मांडीचं बिनहाडाचं मांस) घ्या, खूप ज्यूसी राहतं. तुकडे साधारण ३ सेंमीचे, सगळे सारखे. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस आलं की झालं. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा.

सोबतच्या सॅलडला काकडी, गाजर, कोबी बारीक चिरून, वर पुदिना-कोथिंबीर, लिंबू, भाजलेले तीळ. मीठ आणि लिंबू अगदी वाढताना घाला, नाहीतर काकडीला पाणी सुटतं.