तालुक्यात व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याची सोय उभी करायची आहे. सहा लाख जमलेत, पुढे काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बचत गटांनी आणि तरुण मंडळाने मिळून ६ लाख रुपये जमवले, एका सद्गृहस्थांनी दहा गुंठे जागा देऊ केली आणि आता तिथे वीस खाटांचं केंद्र बांधायचा विचार आहे. पैसा अपुरा आहे. तो कुठून आणावा आणि मानसिक आजाराच्या पेशंटचीही तिथेच सोय करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी आधीच सांगून टाकते: इमारत बांधू नका, निदान पहिली तीन वर्षं तरी. त्या पैशांतून एक माणूस पगारावर ठेवा. उपचार घेऊन घरी परतलेल्या पेशंटच्या दारात जायचं, एवढंच त्याचं काम. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याच घरात घडलंय, आणि गेली अकरा वर्षं मी हेच काम करते.

माझा थोरला भाऊ तीन वेळा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. पहिल्या वेळचे पैसे भरायला दुभती म्हैस विकली. दादा केंद्रातून यायचा तेव्हा चेहरा उजळलेला असायचा, आईच्या पाया पडायचा, मुलांना जवळ घ्यायचा. निघताना केंद्राने सांगितलेलं असायचं, 'महिन्यातून एकदा पाठपुराव्याला या.' केंद्र १४० किलोमीटरवर. म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची, वर दोघांचं एसटीचं भाडं. पहिल्या वेळी आम्ही दोनदा गेलो, दुसऱ्या वेळी एकदाच. केंद्राकडून एक फोन आला, मग तोही नाही. दुसऱ्या वेळी एकोणिसाव्या दिवशी दादा बाजाराला म्हणून गेला आणि रात्री त्याला उचलून आणावं लागलं. वहिनी त्या रात्री रडली नाही, भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या वेळी केंद्र तेच होतं, औषधं तीच होती. फरक पडला तो एका माणसामुळे. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, आम्ही त्यांना काका म्हणतो, स्वतः पूर्वी पिणारे. त्यांना कुणाकडून तरी कळलं. दादा घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला ते दारात हजर. 'चल, पाटापर्यंत जाऊन येऊ.' तेवढंच. पाटापर्यंत जायचं, पुलाच्या कठड्यावर बसायचं, साडेसातला परत यायचं. आल्याबरोबर वहिनीने ताट वाढलेलं असायचं, कारण काकांची सक्त ताकीद होती की उपाशीपोटी तलफ जास्त मारते, याला आठच्या आत जेवायला घाल. सहा ते आठ हीच दादाची प्यायची वेळ होती. ते दोन तास काकांनी आठ महिने भरून काढले, पावसातसुद्धा छत्री घेऊन. दादाने त्यानंतर आजपर्यंत घेतलेली नाही.

काकांसारखा माणूस प्रत्येक गावाला फुकट मिळेल, असं धरून चालता येत नाही. म्हणूनच पैसा लागतो, आणि तो या कामासाठी लागतो.

देशपातळीवरचं चित्र बघितलं तरी हेच दिसतं. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसला तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळणारा तर १८० जणांत एक. तुम्ही वीस खाटा बांधल्यात तरी त्या १८० तल्या एकाच माणसासाठी असतील. बाकीचे गावातच राहणार आहेत. सोय त्यांच्यापर्यंत चालत गेली पाहिजे.

दाखल करण्याचं महत्त्व मी कमी करत नाही, ते नीट समजून घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हे दिवस डॉक्टरच्या देखरेखीखालीच काढायचे, घरात कोंडून नाही, देवळात बसवून नाही, आणि एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये तर नाहीच नाही. पण त्यासाठी जिल्हा रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू आहे आणि त्याच्या पथकाने तालुक्याच्या ठिकाणी येऊन बाह्यरुग्ण तपासणी करणं अपेक्षित आहे. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात ते पथक महिन्यातून कोणत्या वारी येतं ते आधी विचारून या. येत नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांना पन्नास सह्यांचं पत्र द्या. पहिलं काम हे करा, त्याला एक रुपयाही लागत नाही.

आता सहा लाखांचा हिशेब. आमच्याकडच्या अनुभवावरून अंदाज देते, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल. पूर्णवेळ कार्यकर्त्याला महिना १६,००० आणि पेट्रोलला ३,०००. अर्धवेळ समुपदेशकाला १२,०००. मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून दोनदा येणार असतील तर मानधन आणि प्रवास धरून १०,०००. चहा, फोन, वह्या १,५००. महिन्याचे ४२,५०० होतात, वर्षाचे ५ लाख १० हजार. जागा शाळेची किंवा समाजमंदिराची घ्या, संध्याकाळी ती रिकामीच असते. म्हणजे आज हातात असलेल्या पैशांत पूर्ण एक वर्ष काम होतं आणि थोडे उरतात. उलट वीस खाटांच्या इमारतीत हे पैसे जोत्यापर्यंतही पुरायचे नाहीत.

कार्यकर्ता निवडताना पदवी बघत बसू नका. गोव्यात संगथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी एक प्रयोग केला होता. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं आणि त्यांनी पेशंटशी जास्तीत जास्त चार बैठका केल्या. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा आधीचे चौदा दिवस अजिबात न प्यायलेले त्यांच्या गटात ४२ टक्के निघाले आणि नेहमीचाच उपचार मिळालेल्या गटात १८ टक्के. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. आमचा अनुभवही तोच: ज्याला गावात 'या, बसा' म्हणतात, जो ऐकून घेतो आणि इकडचं तिकडे करत नाही, तो माणूस हे काम करतो. स्वतः व्यसनातून बाहेर पडून दोन-तीन वर्षं झालेला कुणी असेल तर उत्तमच, पण त्यालाही समुपदेशकाचा आधार द्या. दुसऱ्याचं दुःख रोज ऐकताना त्याचाही तोल जाऊ शकतो.

त्याला एक वही द्या. माझ्या वहीत प्रत्येक पेशंटला एक पान आहे: शेवटची कधी घेतली, औषध कोणतं चालू आहे, घरात कोणाशी बोलायचं. आणि पानाच्या उजव्या बाजूला एक रकाना 'जोखमीचे दिवस'. त्यात ऊसबिल खात्यावर पडायची तारीख, आठवडी बाजाराचा वार, गावची जत्रा, गणपतीची मिरवणूक, भावकीतली हळद, बापाच्या वर्षश्राद्धाचा दिवस. हे दिवस डॉक्टरला माहीत नसतात, वहिनीला माहीत असतात. त्या दिवशी सकाळी फोन आणि संध्याकाळी घरी चक्कर. एकदा एका पेशंटचं ऊसबिल सांगितलेल्या तारखेआधी चार दिवस पडलं आणि आम्हाला पत्ता लागला नाही. त्याची स्लिप झाली, म्हणजे तो परत प्यायला. तेव्हापासून मी कारखान्याच्या स्लिपबॉयचा, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाचा, नंबर ठेवते.

स्लिप झालेल्या माणसाचं पान वहीतून फाडू नका. देणगीदारापासूनही ती लपवू नका. आकडे चांगले दिसावेत म्हणून परत प्यायलेल्यांना यादीतून काढायची पद्धत मी पाहिली आहे, आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच त्यात बाहेर पडतो.

बायकांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार. पैशांतला एक भाग त्यांच्यासाठी बाजूला काढाच. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पेशंटच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो, तशी महिन्यातून दोनदा बैठक घ्या. आमच्याकडे नवरा सुधारायच्या आधी बायकोला झोप लागायला लागली, अशी कितीतरी घरं आहेत. वहिनीचं नैराश्य आम्हाला कळलं ते दादाची दारू सुटून सहा महिने झाल्यावर. तोवर कुणी तिला 'तू कशी आहेस' असं विचारलंच नव्हतं. मीही नाही.

पैसा कुठून आणायचा ते आता सांगते. मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले, आणि डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी नवी इमारत न बांधता येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात काम सुरू केलं. हे मुद्दाम सांगते, कारण तिथेही माणसं आणि काम आधी आलं. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या कार्यक्रमात सर्च संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट एकत्र आले, आणि तिथेही जोर गावागावांतल्या संघटनांवर आणि तालुक्याच्या क्लिनिकवर आहे.

केंद्राचं सामाजिक न्याय मंत्रालय व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देतं. पण ते जुन्या, हिशेब चोख असलेल्या संस्थांना मिळतं आणि त्याचे हप्ते पगाराच्या तारखा बघून येत नाहीत. पहिल्या वर्षी त्यावर विसंबू नका, मात्र त्याची तयारी आजपासून करा: संस्थेची नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, १२अ आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या. सीएसआर, म्हणजे कंपन्यांकडून समाजकार्यासाठी मिळणाऱ्या पैशासाठी, वेगळी नोंदणी लागते, तीही करा. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, पण त्यांना पाटी लावता येईल अशी वस्तू आवडते. ॲम्ब्युलन्स देतो म्हणतील. नम्रपणे सांगा, गाडी नको, दोन कार्यकर्त्यांचा तीन वर्षांचा पगार द्या. आम्हाला दोन कंपन्यांनी नाही म्हटलं, तिसरीच्या अधिकाऱ्याला वही दाखवली आणि ते तयार झाले.

जिल्हा नियोजन समितीकडेही मागणी करा, आमदारांमार्फत. तिथे एक गोष्ट न लाजता बोला. दारूवरच्या उत्पादन शुल्कातून महाराष्ट्राला वर्षाला २० हजार कोटींहून जास्त महसूल मिळतो. त्यात आपल्या तालुक्यातल्या बाटल्यांचाही वाटा आहे. त्यातलं काही परत त्याच घरांकडे आलं पाहिजे, ही भीक नाही, हक्काची मागणी आहे.

आणि स्थानिक पैसा. दूध संघ, पतसंस्था, कारखाना यांच्याकडे जाच, पण सगळ्यात टिकाऊ आधार आम्हाला मिळाला तो दारू सुटलेल्या घरांचा. महिना शंभर रुपये, जमेल त्याने. व्यसनमुक्तीचा वाढदिवस असतो त्या दिवशी कुणी पाचशे देतं, कुणी गूळ-शेंगदाणे आणतं. पेशंटचं अगदी फुकट काम करू नका, दहा रुपये का होईना घ्या. पण दहा रुपये नाहीत म्हणून कुणाला परत पाठवू नका.

तालुक्यात, दारू सोडणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग भरत असेल तर त्यांच्याशी ओळख करून घ्या, खोली वापरायला द्या. मात्र त्यांना देणगी देऊ नका आणि त्यांचं नाव तुमच्या पावतीवर घालू नका. ते बाहेरचा पैसा घेत नाहीत, खोलीचं भाडंसुद्धा स्वतःच्या वर्गणीतून देतात. त्या नियमाचा मान ठेवा.

मानसिक आजाराच्या पेशंटबद्दल. बाह्यरुग्ण तपासणी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी ठेवा, कारण दारूच्या मागे नैराश्य आणि नैराश्याच्या मागे दारू हे सारखं दिसतं. पण स्किझोफ्रेनियाच्या मुलाला व्यसनी माणसांच्या निवासात ठेवायचा विचार करू नका. त्याला वेळेवर औषध, घरच्यांना समजावून सांगणं आणि दिवसाचं काहीतरी काम लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधून ठेवायला बंदी आहे आणि अशी निवासी केंद्रं नोंदणीशिवाय चालवता येत नाहीत. रात्री-बेरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६. दोन्ही नंबर किराणा दुकानात आणि पिठाच्या गिरणीत लावा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कुणी बघत नाही.

जागा देणाऱ्या गृहस्थांना नाराज करू नका. तिथे भाजीपाला किंवा रोपवाटिका सुरू करता येईल का, विचारा. केंद्रातून आलेल्या माणसाला पहिले तीन महिने सकाळी उठून जायला एक ठिकाण लागतं, आणि जुन्या कामावर गेलं की जुनी संगत भेटते. आमच्याकडे अशी जागा नाही, आम्हाला ती फार हवी होती.

पहिल्या दहा पेशंटची वही कशी आखायची ते हवं असेल तर इथेच लिहा, पानाचा नमुना टाकते. लिहिताना तुमच्याकडे ऊस आहे की कापूस, आणि बाजाराचा वार कोणता, तेवढं सांगा.