न्यू जर्सीत आत्ता लावलेली पॅन्झी हिवाळा काढेल का?

काढेल, पण आता दिवस घालवू नका. तुम्ही एडिसनला नव्या घरापुढे ऑक्टोबरात पॅन्झी, म्हणजे गार हवेत फुलणारं ते बुटकं रंगीत फुलझाड, लावायची म्हणताय आणि बर्फात ती मरेल अशी भीती वाटतेय. मीही याच भागात बाग करते. इथल्या थंडीत पॅन्झी गारठून मरण्यापेक्षा तहानेने जास्त मरते. जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि वर कोरडा वारा पानं सुकवत असतो. त्याआधी मुळं नीट पसरलेली हवीत. माती ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की मुळांची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हीच खरी वेळ. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

नर्सरीत फुलांनी भरलेलं, उंच वाढलेलं रोप टाळा. बुटकं, फुटवेदार आणि कळ्यांचं घ्या. मोठ्या फुलाचा मोह आवरता आला तर व्हायोला, म्हणजे पॅन्झीची धाकटी बहीणच घ्या. फूल लहान, पण हिवाळ्यात ती पॅन्झीपेक्षा काटक. पसरणारी हवी असेल तर पॅन्झीची कूल वेव्ह ही जातही चांगली टिकते.

वाफ्यात पाणी साचता कामा नये, बुंधा कुजतो. कुंडीपेक्षा जमीन बरी, कारण कुंडीतली माती चारही बाजूंनी गोठते. दोन रोपांत वीतभर अंतर पुरे. कडाक्याची थंडी यायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी घाला, हे चुकवू नका. जमीन गार झाली की दोनेक इंच पाइनची सुकलेली सुईसारखी पानं पसरा, पण बुंध्याला चिकटू देऊ नका. मेपलची ओली पानं मात्र थर धरून बसतात, ती नकोत.

जानेवारीत एखाद्या सकाळी पानं काळपट होऊन उकडलेल्या पालकासारखी मातीवर लोळलेली दिसतील. तेव्हा हात लावू नका, गोठलेली पानं मोडतात. ऊन चढलं की बहुतेक वेळा ती पुन्हा उभी राहतात. फुलं मात्र तेव्हा जवळजवळ नसतात, ती थेट वसंतात. जमीन गोठून-वितळून रोप वर उचललं गेलं आणि मुळं उघडी पडली, तर माती मऊ असताना तळहाताने हलकेच दाबून बसवा.

मार्चमध्ये सुकलेला भाग छाटा आणि थोडं खत द्या. माती गार असताना नायट्रेटचं खत लागू पडतं, युरिया नाही. सुकलेली फुलं देठासकट खुडत राहिलात तर जूनचा उकाडा येईपर्यंत बहर चालतो. आपल्याकडे पुण्यात मार्चच्या उन्हातच ती मान टाकते, तसंच इथेही शेवटी ऊनच तिला संपवतं.

आणि तुमच्या भागात हरणं, ससे फिरत असतील तर लावल्या दिवसापासूनच जाळी लावा. त्यांना पॅन्झी फार आवडते.