सोलापूरच्या कोरडवाहू जमिनीसाठी हरभऱ्याचे वाण निवडताना झाडाचे कोणते गुण पाहावेत?

सर्वप्रथम झाडावरील भरलेल्या घाट्यांची संख्या पाहावी, आणि तिच्या जोडीला झाडाचे एकूण वाळलेले वजन व त्यातील दाण्यांचा वाटा, म्हणजेच कापणी निर्देशांक, तपासावा. झाडाचे उत्पन्न हे घाटे, दर घाट्यातील दाणे आणि दाण्याचे वजन यांच्या गुणाकारातून ठरते. एका घाट्यात बहुधा 1 ते 2 दाणेच असल्याने तेथे वाढीला वाव थोडा असतो, तर 100 दाण्यांचे वजन वाढवत गेल्यास घाट्यांची संख्या अनेकदा घटते. दुय्यम फांद्यांची मोजणीही उपयोगी पडते. उंचीला मात्र, यंत्राने काढणी करायची नसेल तर, फारसे महत्त्व देऊ नये. एक मर्यादा लक्षात ठेवावी: दाण्याचे वजन बऱ्याच अंशी आनुवंशिक असते, पण घाट्यांची संख्या ओलीनुसार फार बदलते, म्हणून एकट्या झाडावरून निर्णय न घेता प्रत्येक वाणाच्या ओळींची तुलना सोलापूरच्याच काळ्या जमिनीत, साठलेल्या ओलीवर करावी; कारण ओल लवकर संपते तेथे उशिरा फुलणारे, भरपूर फांद्यांचे झाडही घाटे भरण्याआधीच वाळू लागते.