व्याजदर उतरला म्हणून घर घ्यावं का? आणि भाव फुगलेले आहेत का?

तुमच्या प्रश्नातले आकडे असे: पुण्याजवळच्या वाकडला ९० लाखांचा २ बीएचके, ६० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी, बँकेने सांगितलेला दर ७.५ टक्के, आणि तशाच फ्लॅटचं भाडं २८ हजार. घरात एकजण म्हणतो, दर खाली आहे तोवर घेऊन टाक. दुसरा म्हणतो, हा फुगा आहे, फुटेपर्यंत थांब. मला दोन्ही सल्ले अपुरे वाटतात.

आधी दराचं पाहू. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो दर, ६.५० वरून डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आणला. बँकांची नवी फ्लोटिंग (बदलत्या दराची) गृहकर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानदंडाला, म्हणजे बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली आहेत. तुमचे ७.५ म्हणजे रेपोचे ५.२५ आणि वर बँकेचा २.२५ चा स्प्रेड (रेपोवर बँक लावते तो जादा दर). हा आजचा दर आहे, वीस वर्षांचा नाही. रेपो वर कसा जातो हे फार जुनं नाही: मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५. नऊ महिन्यांत अडीच टक्के.

तीच वाढ तुमच्या कर्जाला लावा. ६० लाखांवर ७.५ टक्क्यांनी हप्ता येतो साधारण ४८,३४० रुपये. दर १० झाला तर नुसतं महिन्याचं व्याजच ५० हजार होतं, म्हणजे जुना हप्ता भरूनही मुद्दल वाढत जाईल. हप्ता ५७,९०० केला तरच कर्ज २० वर्षांत फिटेल. २०२०-२१ मध्ये पावणेसातच्या आसपास कर्ज घेतलेल्यांच्या बाबतीत असंच काहीसं घडलं. ६.७ टक्क्यांचं कर्ज दोन वर्षांनी ९.२ वर गेलं आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेली १८ वर्षं ३५ होतात. बऱ्याच बँकांनी आधी मुदतच वाढवली आणि ते अनेकांच्या लक्षातही आलं नाही. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा. तेव्हा ५७,९०० चा हप्ता तुमच्या हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांत बसतो का, ते आजच बघा. बसत नसेल तर कर्ज कमी करा. दर आणखी उतरेल या भरवशावर राहू नका.

आता भाव. महिना ५० हजार हप्ता झेपणाऱ्याला ८.५ टक्क्यांनी ५७.६ लाख कर्ज बसतं, ७.५ टक्क्यांनी ६२ लाख. स्वतःचे ३० लाख धरले तर एकूण ऐपत जेमतेम ५ टक्क्यांनी वाढते. त्या भागातले भाव दर उतरल्यापासून याहून जास्त चढले असतील, तर दरकपातीचा सगळा फायदा विकणाऱ्याच्या खिशात गेला. दर पुन्हा चढू शकतो, पण करारातली किंमत कायमची असते. म्हणून स्वस्त कर्जापेक्षा किमतीवर घासाघीस करणं मला जास्त मोलाचं वाटतं.

मग फुगा आहे का? अमेरिकेत २००६ नंतर भाव कोसळले, कारण उत्पन्नाचा पुरावा न घेता कर्जं वाटली होती, पहिली दोन वर्षं दर कमी आणि मग एकदम उडी, त्यातून सक्तीच्या विक्रीची रांग लागली. आपल्याकडे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के अशी मर्यादा आहे, मुद्रांक शुल्क त्यात धरत नाहीत. इतके स्वतःचे पैसे अडकलेला माणूस घर सहजासहजी सोडत नाही. त्यामुळे इथे भाव धाडकन पडण्यापेक्षा वर्षानुवर्षं थिजून राहतात. २०१४ ते २०२० या काळात पुण्या-मुंबईच्या बऱ्याच भागांत तेच झालं. सहा वर्षं किंमत तीच आणि महागाई ५ टक्के, तर घराचं खरं मोल पाव भागाने उतरतं. कागदावर मात्र कुणाचंच नुकसान दिसत नाही. फुगा फुटायची वाट बघणाऱ्याला तो क्षण कधी दिसतच नाही, हे त्यामुळेच.

भाड्याचा हिशेब जास्त प्रामाणिक असतो. २८ हजारांप्रमाणे वर्षाला ३.३६ लाख. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा जाता २.७ लाखांच्या आसपास उरतात, म्हणजे किमतीच्या ३ टक्के. कर्ज ७.५ ने. हा दुसरा, गुंतवणुकीचा फ्लॅट असता तर मी सरळ नको म्हटलं असतं. राहायला असेल तर खर्च मोजा: मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ६.३ लाख (सगळ्या खरेदीदार महिला असतील तर एक टक्का कमी, नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत जाते), नोंदणी फी ३० हजार, आणि काम चालू असेल तर जीएसटी आणखी साडेचार लाख. भोगवटापत्र मिळालेल्या घराला जीएसटी नाही. पाच वर्षांत नोकरीसाठी शहर बदलण्याची शक्यता असेल तर हे ११ लाख वसूल होणं कठीण, भाड्यानेच राहा.

बिल्डरच्या रेटकार्डवर विसंबू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये मौजे वाकड, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून त्याच प्रकल्पातल्या करारांची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या कराराचा गोषवारा) काढा. मोबदल्याला चटई क्षेत्राने (कार्पेट एरियाने) भागा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, चौरस फुटासाठी १०.७६४ ने गुणा. सहा महिन्यांतले आठ-दहा करार तुम्हाला सांगितलेल्या दरापेक्षा खाली असतील तर बोलणी तिथून सुरू करा. बिल्डर किंमत उतरवायला तयार नसतो, कारण आधीचे ग्राहक भांडायला येतात. त्याऐवजी तो पार्किंग किंवा मुद्रांक शुल्क सोडतो. तेही घ्या, पण करारात लिहून घ्या.

गुंतवणूकदार किती आहेत हेही तपासा. ताबा मिळण्याआधीच त्याच इमारतीतले दहा-वीस फ्लॅट पुनर्विक्रीला लागले असतील, तर तिथला भाव राहणाऱ्यांनी ठरवलेला नाही. आणि ‘ताब्यापर्यंत हप्ता आम्ही भरू’ अशी योजना कुणी पुढे केली तर नाही म्हणा. कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डरने हप्ते थांबवले की बँक तुम्हालाच फोन करते आणि सिबिल तुमचाच खराब होतो.

शेवटी कर्ज कुठून घ्यायचं: गृहवित्त कंपन्यांना रेपोशी दर जोडण्याचं बंधन नाही, त्या स्वतःच्या दराने चालतात आणि कपात उशिरा देतात. बँक निवडा आणि मंजुरीपत्रात स्प्रेड वेगळा लिहिलेला आहे ना ते बघा. फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडायला वैयक्तिक कर्जदाराला दंड नाही, त्यामुळे बोनस आला की थेट मुद्दलात भरा आणि हप्ता कमी न करता मुदत कमी करा असं लेखी द्या.