३ लाखांच्या निफ्टीबीजवर दर महिन्याला कॉल विकून उत्पन्न मिळवता येईल का?

नाही, ३ लाखांत हे करू नका. निफ्टीबीज हा निफ्टीमागे चालणारा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा फंड. कॉल विकणं म्हणजे आधी प्रीमियम घ्यायचा आणि निफ्टी ठरलेल्या भावाच्या वर गेला तर फरक आपण भरायचा. तेवढ्याच किमतीचा माल हातात असेल तर तो कव्हर्ड कॉल; तुम्ही याला तसं म्हणताय पण तो कव्हर्ड होतच नाहीये.

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने इंडेक्सच्या नव्या काँट्रॅक्टची किंमत कमीत कमी १५ लाख केलीय, आधी ५ ते १० लाख असायची. म्हणजे निफ्टीचा एक लॉट (कमीत कमी विकता येणारा गठ्ठा) कॉल विकला की तो साधारण १५ लाखांचा आणि तुमच्याकडे बीज फक्त ३ लाखांचे, पाचातले चार हिस्से उघडेच. निफ्टी स्ट्राइकच्या (ठरलेल्या भावाच्या) वर ३ टक्के गेला तर तेवढ्या चढावर बीजमध्ये ९ हजार वाढणार आणि कॉलमध्ये सुमारे ४५ हजार जाणार, आलेला प्रीमियम त्यातून वजा करा आणि बघा काय उरतं. शिवाय बीज प्लेज करून, म्हणजे तारण ठेवून, मार्जिन (सौद्यासाठी लागणारी अनामत) मिळतं हे खरं असलं तरी एक्स्पायरीला, म्हणजे काँट्रॅक्ट संपायच्या दिवशी, तोटा रोखीतच भरावा लागतो, तेव्हा तेच बीज विकायची वेळ येते.

मी रोज ठाण्याहून घणसोलीला जातो, ठाणे-वाशी लोकलमध्ये मंगळवारी, म्हणजे निफ्टीच्या एक्स्पायरीला, नुकती नोकरी लागलेली पोरं ऑप्शन चेन (कॉल-पुटच्या भावांचा तक्ता) उघडून उभी असतात, खूप काळजी वाटते हो. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आहे, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींच्या वर.

बीज मात्र ठेवा, वाढवत राहा. घेताना मार्केट ऑर्डर नको, आयएनएव्ही (फंडातल्या शेअर्सच्या चालू भावावरून निघणारी युनिटची किंमत) बघून त्याच्या आसपास लिमिट, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाची ऑर्डर, लावा आणि सकाळी सव्वानऊला उघडल्या उघडल्या घेऊ नका. निफ्टीबीजला व्हॉल्यूम भरपूर असतो, पण कमी चालणाऱ्या ईटीएफमध्ये भाव आणि एनएव्हीत (युनिटच्या खऱ्या किमतीत) बराच फरक पडतो, तिथे हे जास्तच सांभाळायचं.

पुढे कधी पोर्टफोलिओ एका लॉटएवढा झाला तर घसरणीपासून बचावाला पुट (निफ्टी पडला तर भरपाई देणारं ऑप्शन) घेण्याचा विचार करा, तो खर्च आहे असं धरूनच.

टॅक्सचंही बघा. ईटीएफ वर्षाच्या वर ठेवला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नाही, वर १२.५ टक्के. ऑप्शनचा नफा मात्र धंद्याचं उत्पन्न धरतात, त्याला आयटीआर-३ लागतो, आणि तोटा पुढच्या वर्षांत ओढायचा असेल तर तो मुदतीत भरावाच लागतो.