घोडा गोऱ्ह्याच्या पुढंच पळतो

प्रश्न: भाऊ, मी काटोल रोडवर घोडा शिकवून राहिलो, ऑस्ट्रेलियातल्या कॅम्पड्राफ्टसारखा (घोड्यावरून कळपातलं एक जनावर वेगळं काढून ठरल्या वाटेनं हाकायची स्पर्धा) गोऱ्ह्यामागं सोडला की हा पुढंच निघून जातो, काय करू?

उत्तर: अरे, पळवायची घाईच नको करू भाऊ. तिथं 100 पैकी 26 गुण कळपातून जनावर वेगळं काढायचे, 70 घोड्याच्या कामाचे अन् कोर्सचे, म्हणजे ठरलेली वाट पुरी करायचे, फक्त 4, म्हणजे सगळं घोड्यावरच आलं ना. आधी चालीवरच शिकव, गोऱ्हा थांबला की हा थांबला पाहिजे, तो वळला की मागच्या पायांवर वजन घेऊन वळला पाहिजे, लगाम ओढून नाही. गोऱ्ह्याला डावीकडं वळवायचं तर त्याच्या उजव्या बाजूनं जा. घोड्याचे कान बघ, गोऱ्ह्याकडं लागले की समज लक्ष आहे. अन् उन्हाळ्यात पहाटेच, एकाच गोऱ्ह्याला रोज पळवू नको, दमतं बिचारं.