केवळ तांत्रिक सल्ला

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. 1976 मध्ये वॉशिंग्टनमध्ये गाडीतल्या बॉम्बस्फोटात मारला गेलेला चिलीचा अर्थतज्ज्ञ ओर्लान्दो लेतेलिएर याच्याबद्दल तू बरेच वाचलेले दिसतेस. बॉम्ब कोणी बनवला, गाडीखाली कसा लावला, कटात कोण सामील होते, हे सगळे पत्रात आहे. अर्थतज्ज्ञ म्हणून त्याने काय केले याबद्दल मात्र एक ओळही नाही. तरीही तू निष्कर्ष काढून मोकळी झालीस, की बोलणाऱ्यांची गत अशी होते, तेव्हा आपण आकडे द्यावेत आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडावा. रस्ता मोकळा करण्याच्या तुमच्या प्रकल्पात फेरीवाल्यांच्या बुडणाऱ्या कमाईचा तक्ता मुख्य अहवालातून काढून परिशिष्टात टाकायला वरिष्ठांनी सांगितले, आणि त्यावर तू लिहितेस, 'माझे काम केवळ तांत्रिक सल्ल्याचे आहे.'

हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत शिकागो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी लिहिले होते. 1973च्या सप्टेंबरात चिलीत लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे सरकार उलथवले आणि नंतर शिकागो विद्यापीठात शिकलेल्या चिली अर्थतज्ज्ञांच्या हाती अर्थखाते आले. 1975च्या मार्चमध्ये फ्रीडमन स्वतः राजधानी सान्तियागोला जाऊन लष्करी राजवटीचा प्रमुख पिनोशे याला भेटले. टीका झाली तेव्हा त्यांनी उत्तर दिले, की साथ आटोक्यात आणायला एखाद्या डॉक्टराने सरकारला वैद्यकीय सल्ला दिला तर ते पाप ठरत नाही, मग अर्थतज्ज्ञाने तांत्रिक सल्ला दिला तर का ठरावे? लेतेलिएरने 28 ऑगस्ट 1976 रोजी 'द नेशन' साप्ताहिकात या युक्तिवादाचा समाचार घेतला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: किमती मोकळ्या सोडल्या, सरकारी खर्च झपाट्याने छाटला, मजुरी दाबून ठेवली आणि तरी 1975 मध्ये महागाई वर्षाला तीनशे टक्क्यांच्या वर राहिली; हे लोकांनी निमूट सोसावे म्हणून संसद बंद हवी, कामगार संघटना मोडलेल्या हव्यात आणि तुरुंग भरलेले हवेत. तेव्हा आर्थिक धोरण स्तुत्य आणि छळ मात्र खेदजनक, अशी वाटणी करताच येणार नाही. धोरण आणि त्याची किंमत एकाच पानावर असली पाहिजे. मी तुला वर्गात हेच शिकवले, आता पत्रातही हेच लिहीत आहे, आणि तू कंटाळलीस तरी लिहीत राहीन.

त्या वर्षी मी एम.ए.ला होतो. ऑक्टोबरात फ्रीडमन यांना नोबेल जाहीर झाले आणि आमच्या वर्गात त्यावर आठवडाभर चर्चा रंगली. तीनच आठवड्यांपूर्वी वॉशिंग्टनमध्ये मारल्या गेलेल्या अर्थतज्ज्ञाचे नाव कोणी उच्चारले नाही.

आता त्याच्या कामाकडे ये, कारण तुझा गैरसमज तिथेच आहे. हा माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. कायद्याची पदवी घेऊन 1955 मध्ये तो तांब्याच्या सरकारी खात्यात संशोधक म्हणून लागला. तांबे म्हणजे चिलीची तिजोरी, आणि मोठ्या खाणी अ‍ॅनाकोंडा आणि केनेकॉट या अमेरिकी कंपन्यांच्या. 1958च्या निवडणुकीत आयेंदेंची बाजू घेतली म्हणून त्याची नोकरी गेली. मग व्हेनेझुएला, आणि त्यानंतर जवळपास दहा वर्षे वॉशिंग्टनमधल्या आंतर-अमेरिकी विकास बँकेत: कर्जाचे प्रस्ताव, व्याजाचे दर, टिपणे, बैठका. तुझ्यासारखीच टेबलावरची नोकरी! 1971 मध्ये आयेंदेंनी त्याला अमेरिकेत राजदूत नेमले, आणि त्याच जुलैमध्ये चिलीच्या संसदेने तांब्याचे राष्ट्रीयीकरण एकमताने मंजूर केले. कंपन्यांनी आजवर उपसलेला जादा नफा नुकसानभरपाईतून वजा करायचा, ही आयेंदेंची भूमिका ज्या शहरात सर्वांत अप्रिय होती, नेमक्या त्याच शहरात ती मांडणे त्याच्या वाट्याला आले. तांब्याचा हिशेब त्याने खात्यात बसून शिकलेला होता, म्हणून राजदूत झाल्यावर त्याला कोणाच्या टिपणाची वाट पाहावी लागली नाही.

1973 मध्ये तो मायदेशी परतला आणि परराष्ट्र, गृह, संरक्षण अशी खाती त्याने पाठोपाठ सांभाळली. 11 सप्टेंबरला सकाळी तो संरक्षण मंत्रालयात पोहोचला तो थेट अटकेत. तरुणपणी तो ज्या लष्कराच्या शाळेत कॅडेट होता, त्याच लष्कराने त्याला मॅगेलनच्या सामुद्रधुनीतल्या डॉसन बेटावर डांबले. वर्षभराने सुटल्यावर तो काराकासला गेला आणि तिथून पुन्हा वॉशिंग्टनला. पिनोशेच्या राजवटीला बाहेरून पैसा मिळू नये म्हणून तो अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना भेटला, हॉलंडमध्येही त्याने खटपट केली. 10 सप्टेंबर 1976 रोजी त्याचे नागरिकत्व काढून घेतल्याचे जाहीर झाले. आरोप होता चिलीला आर्थिकदृष्ट्या एकटे पाडण्याचा. बंदूक हाती नसलेल्या माणसाचा हिशेब राजवटीला इतका झोंबला, आणि तू म्हणतेस आकडे तटस्थ असतात. 21 सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये शेरिडन सर्कलपाशी त्याच्या गाडीत स्फोट झाला. सोबत रॉनी मॉफिट ही पंचवीस वर्षांची सहकारी गेली. मागे बसलेला तिचा नवरा वाचला. कट पिनोशेच्या गुप्त पोलिसांचा होता, आणि त्यांचा प्रमुख कोन्त्रेरास याला शिक्षा व्हायला 1993 उजाडले. हा भाग तुला पाठच आहे, म्हणून इथेच थांबतो.

माझेही थोडे ऐक. गिरणी संपानंतरच्या वर्षांत मी ज्या कार्यालयात होतो, तिथे बंद गिरण्यांच्या जमिनींवर एक टिपण तयार होत होते. कामगारांच्या थकीत देण्यांचा तक्ता मी केला होता, तो गाळून टिपण माझ्यापुढे सहीला आले. मी सही केली नाही. मला अभिलेख विभागात धाडले, बढती राहिली, आणि बरोबरीचे सचिवांच्या गाडीतून फिरू लागले. घरी हा किस्सा सर्वांना तोंडपाठ आहे आणि मुलगा त्याला 'बाबांचे तांबे' म्हणतो. तो तक्ता मी वर्तमानपत्राला का दिला नाही, असे तू मागे विचारले होतेस. कार्यालयाचा कागद बाहेर नेणे मला तेव्हा गैर वाटले आणि आजही वाटते. सही नाकारणे माझ्या अधिकारात होते, ते मी केले. हे पुरेसे नव्हते असे ज्यांना वाटते, त्यांनी निदान तेवढे करून दाखवावे. तक्ता कुठे पोहोचला नाही याची हळहळ मात्र आहे, ती कशाला लपवू?

तुला कोणी बेटावर पाठवणार नाही. फार तर पुढच्या प्रकल्पातून वगळतील. त्या भीतीला लेतेलिएरचे नाव देऊ नकोस. नोकरी सोड असेही मी म्हणत नाही, कारण तो स्वतः दहा वर्षे बँकेत टिकून राहिला आणि त्याच कामाने त्याची बैठक पक्की झाली. वरिष्ठांना लेखी कळव, की रस्ता मोकळा झाल्याने वाचणाऱ्या वेळेची किंमत मुख्य अहवालात असेल, तर फेरीवाल्यांच्या बुडणाऱ्या कमाईची किंमतही त्याच पानावर, त्याच तक्त्यात, वजा चिन्हासह यायला हवी. तशी येणार नसेल तर लेखकांच्या यादीतून आपले नाव काढावे. ईमेलची भाषा सौम्य ठेव, 'अन्याय' वगैरे शब्द नकोत. मसुदा झाला की रविवारी अकराच्या सुमारास फोन कर. तक्त्यातली कमाई दिवसाच्या गल्ल्यावरून काढलीस की निव्वळ मिळकतीवरून, हे मला आधी विचारायचे आहे, कारण तिथे चूक असेल तर वरिष्ठ तेवढेच धरून बसतील.

तुझा,
सर